दोऱ्यांची वही

वसमतकर डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी विचारलेला पहिला प्रश्न घोड्याबद्दल नव्हता, भाताबद्दल होता. मलकपेठच्या रेसकोर्सजवळच्या घोड्यांच्या दवाखान्यात मी नुकतीच रुजू झाले होते. मुंबईची पदवी, पुण्यातला चार वर्षांचा अनुभव, नवऱ्याची बदली झाली म्हणून हैदराबादला आलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की खात्री. एका घोड्याच्या मागच्या पायाला पट्टी होती. मी उकिडवी बसून ती सोडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, भात चुलीवर असताना तुम्ही किती वेळा झाकण काढता?"

मी म्हटलं, मी कुकर लावते. पांढरा बुशशर्ट, खाकी पँट आणि पायात काळे रबरी बूट घातलेला साठीच्या पुढचा तो माणूस हसला नाही. त्यांनी माझ्या हातातलं पट्टीचं टोक काढून घेतलं आणि त्यावरची चिकटपट्टी माझ्यासमोर धरली. तिच्यावर शाईच्या पेनाने, मोत्यासारख्या अक्षरात, येत्या गुरुवारची तारीख लिहिली होती आणि खाली सही होती. त्या दिवशी सोमवार होता. "गुरुवारी या," असं म्हणून त्यांनी पट्टी परत गुंडाळली. पुण्यात कोणी मला असं म्हटलं असतं तर मी दोन दिवस धुमसले असते. इथेही धुमसलेच, पण गुरुवारी गेले.

वसमतकरांचं घराणं नावाप्रमाणे वसमतचं, पण तीन पिढ्यांपासून हैदराबादेत होतं. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील शाळेत मास्तर, आणि हे सरकारी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त होऊन रेसकोर्सच्या दवाखान्यात मानधनावर आलेले. "आमच्या घरात प्रत्येक पिढी एक पायरी खाली उतरली," असं ते सांगायचे. "मी घोड्याच्या पायापर्यंत आलो. आता याच्याखाली उतरायला जागाच नाही." बायको वारलेली, मूलबाळ नाही, बरकतपुऱ्यात दोन खोल्यांचं घर. तिथून काचीगुड्यावरून, चादरघाटचा पूल ओलांडून ते रोज सकाळी सायकलने यायचे. त्यांचं मराठी माझ्या कानाला गमतीचं वाटायचं. थांबाच्या ऐवजी ठैरा, हळूच्या ऐवजी हल्लू, आणि कशाला म्हणायचं असलं की कामून. मी हसले की म्हणायचे, "तुमचं मराठी इस्त्रीचं आहे बाई, आमचं घरी धुतलेलं."

हल्लू हा त्यांचा शब्द होता. घोड्याच्या मानेला, छातीला, मांडीला वीतभर जखम झाली तरी दीड-दोन महिन्यांत भरून येते. गुडघ्याखालच्या जखमेची मात्र गोष्टच वेगळी. तिथे मांस नाही, नुसती कातडी, शिरा आणि हाड. रक्त खाली उतरतं पण जेमतेम, घोडा दिवसभर पाय हलवतो, आणि चिखल, लीद, माशा आहेतच. जखम आकसत नाही. मधूनच लालभडक मांस उसळून वर येतं, कातडीच्या वर टेकाडासारखं बसतं, आणि त्याच्यावरून कातडीला चढता येत नाही. महिने जातात, कधी वर्ष जातं. अशा जखमा बाकीचे डॉक्टर टाळायचे. त्यात नाव होत नाही. मालक रोज विचारतो आणि रोज तेच उत्तर द्यावं लागतं. वसमतकरांनी मात्र आयुष्यभर तेवढंच केलं. सगळे त्यांना पट्टीवाले डॉक्टर म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी आणि कीव जास्त असायची.

त्यांची मोजायची रीत तर मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. बुशशर्टच्या खिशात पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ असायचं. पट्टी उघडली, मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतली, की ते दोरा उकळत्या पाण्यातून काढून जखमेच्या कडेकडेने फिरवायचे, जिथे कातडी संपते तिथून, आणि दोन टोकं मिळाली की कापायचे. तो दोरा एका दोनशेपानी वहीत डिंकाने सरळ चिकटवायचे. एका घोड्याला एक पान. वरच्या कोपऱ्यात घोड्याचं नाव, प्रत्येक दोऱ्याशेजारी तारीख, बाकी अक्षर नाही. पान उघडलं की एकाखाली एक दोरे दिसायचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा आखूड, आणि जिथे जखम भरली तिथे शेवटी नखाएवढा तुकडा. मी एकदा म्हटलं की फूटपट्टीने मोजलं तर सोपं नाही का. ते म्हणाले, "आकडा लिहिताना माणूस थोडं इकडंतिकडं करतो. दोरा करत नाही. पण लावताना ताणायचा नाही आणि सैल सोडायचा नाही. जेवढी आहे तेवढीच." आणि नियम एकच होता. दोरा ओळीने दोनदा तेवढाच आला, की जखम अडली असं समजायचं आणि एक्स-रे काढायचा. आत काहीतरी आहे.

पट्ट्या ते स्वतः करायचे, जुन्या धोतरांच्या. बरकतपुऱ्यातल्या मराठी घरांतून संक्रांतीला लोक त्यांच्यासाठी दवाखान्यात तिळगुळाबरोबर एक जुनं धुतलेलं धोतर पाठवायचे, तशी पद्धतच पडली होती. ते धोतरं उकळायचे, उन्हात वाळवायचे आणि चार बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडून ठेवायचे. मी आले तोवर धोतर नेसणारी पिढी चालली होती, आणि येणारी धोतरं कमी होत होती. "आता सगळे टेरिकॉटवाले," ते म्हणायचे. "त्यात पाणीसुद्धा मुरत नाही, रक्त काय मुरणार."

त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. जुन्या शहरातला एक टांगेवाला घोडा घेऊन आला होता. रिक्षांनी टांगे संपवत आणलेलेच होते, त्यात या घोड्याच्या पायाची जखम सहा महिने जुनी. टांगेवाल्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून तिच्यात मोरचुदाची निळी पूड भरली होती. उसळलेलं मांस जाळायला लोक तो भरतात. वरचं मांस जळतं, पण कडेने जी नाजूक नवी कातडी येत असते तीही जळते, आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. वसमतकरांनी आपली डावी बाही वर केली. मनगटावर रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. तरुणपणी एका घोड्याला मोरचूद लावला, घोडा थयथयाट करायला लागला, तर लागतं तरी किती म्हणून स्वतःच्या खरचटलेल्या मनगटावर चिमूटभर दाबून पाहिला होता. तो चट्टा त्यांनी टांगेवाल्याच्या डोळ्यांसमोर धरला. मग खाली बसले, पातं घेतलं आणि ते लाल मांस कातडीच्या बरोबरीने कापून काढलं. रक्ताची धार लागली, टांगेवाला रडायला लागला, आणि घोडा शांतपणे गवत खात राहिला. त्या मांसाला संवेदना नसते. पट्टी आवळून झाल्यावर ते मला म्हणाले, "लाल दिसतं म्हणून लोक खूष होतात. भरणं वेगळं, माजणं वेगळं."

हे वाक्य पुढे मी पुष्कळदा ऐकलं, आणि दर वेळी घोड्याबद्दलच असं नाही. ती नव्वदीनंतरची चार-पाच वर्षं. शहरात रोज नवीन काहीतरी उघडत होतं. परदेशी गाड्या, परदेशी औषधं, केबलच्या तारा, बरकतपुऱ्यातल्या बैठ्या घरांच्या जागी पाच मजली इमारती. रेसकोर्सवरही नवे मालक येऊ लागले. पूर्वीचे नवाब आणि जमीनदार घोडा म्हातारा होईपर्यंत पाळायचे, असं निदान वसमतकरांचं म्हणणं होतं, आणि मला ते खरं वाटत नव्हतं. पण नव्या मालकांना तारीख हवी असायची हे मात्र खरं. घोडा कधी पळेल, ते सांगा. सायकलवरून येताना दिसलेली नवी इमारत ते मला सांगायचे आणि मग म्हणायचे, "शहर भरू लागलंय का माजू लागलंय, काही कळेना गेलंय."

त्याच वर्षांत बेगम आली. कागदावर तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, पण तिला सांभाळणारा खाजामियाँ तिला बेगम म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायला लागले. खाजामियाँ पन्नाशीचा, काटकुळा, तंबाखू खाणारा आणि फार कमी बोलणारा माणूस. सईसाचं काम तीन पिढ्यांचं. मोठी मुलगी बीदरला दिलेली, बायको मुलीकडेच राहायची. तो तबेल्यातच, बेगमच्या शेजारच्या खोलीत झोपायचा. बेंगलोरहून येताना ट्रकच्या फळीत अडकून बेगमच्या मागच्या उजव्या पायाची, ढोपराच्या खालच्या नळीवरची कातडी सोलून निघाली. खालचं हाड उघडं पडलं होतं. ऑगस्टचा महिना होता.

मालक प्रसादगारू, म्हणजे आपल्याकडचे प्रसादराव, औषधांच्या कारखान्याचे, चाळिशीतले, कमरेला पेजर लावलेले. ते आले, पाय पाहिला आणि स्पष्ट बोलले. घोडी आता पळणार नाही हे त्यांना समजत होतं. पण तिची आई नावाजलेली होती, आणि पाय धड झाला तर ती पैदाशीसाठी चालली असती. फेब्रुवारीत तो हंगाम सुरू होतो. तीन पायांवर उभ्या असलेल्या घोडीला कोणी घेणार नव्हतं, आणि तशी ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी दोन महिने देऊ केले. वसमतकरांनी संक्रांतीपर्यंत मुदत मागितली. मला वाटलं, आता झालं. पण प्रसादगारूंनी संक्रांत कबूल केली. संक्रांतीला पाय भरलेला असला तर घोडी पैदाशीला जाईल, नाहीतर कायमचं झोपवायचं इंजेक्शन. खाजामियाँ बेगमचं डोकं धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

आता मला जे सांगायचं आहे त्यात माझाही वाटा आहे, म्हणून ते मी लपवणार नाही. गणपतीनंतर वसमतकर सायकलने यायचे बंद झाले. रिक्षाने येऊ लागले. गुडघा धरतो म्हणाले. पण घोड्याच्या पायाशी तासन् तास उकिडवं बसताना तो गुडघा कधी धरला नाही. मग एक दिवस चिकटपट्टीवर तारीख लिहायला त्यांनी पेन माझ्याकडे दिलं, हाताला कंप आहे म्हणून. चहा ओतताना तो बशीच्या बाहेर गेला. मी समोर उभी असले तरी बोलेपर्यंत ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकत होता, हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. एकदा मी आडून विचारलं, डोळे दाखवलेत का. म्हणाले, "दाखवले. कापायचे म्हणतात. मग महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. बेगमचं होऊ द्या, मग बघू." मी गप्प बसले. वरच्या साहेबांना कळवलं असतं तर त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मला तो त्यांचा अपमान वाटला. आज मला त्या वेळच्या माझ्या भिडस्तपणाची लाज वाटते.

वसमतकरांना दोऱ्याची कड दिसेना, तेव्हा त्यांनी ते काम खाजामियाँला दिलं. पट्टी सोडायची, जखम धुवायची, दोरा फिरवायचा आणि जिथे टोकं मिळतील तिथे कापून हातात द्यायचा. ज्या माणसाने मला सोमवारी गुरुवारची पट्टी उघडू दिली नव्हती, त्याने सगळी पट्टी दुसऱ्याच्या हातात दिली होती. ते शेजारी पालथ्या बादलीवर बसून विचारायचे, "कम हुआ?" आणि खाजामियाँ म्हणायचा, "हौ साब, कम हुआ." मग ते दोरा बोटांत धरून चाचपायचे, आणि चेहरा उजळायचा. वहीत दोरा चिकटवायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्या दिवसांत प्रसादगारूंचा फोन आला की ते मला वही उघडून दोरे बघायला लावायचे आणि फोनवर सांगायला लावायचे की घट आहे. घट होतीच. दर आठवड्याला दोरा गव्हाच्या दाण्याएवढा कमी होत होता. मी मधूनमधून जखम बघायचे. ती मला फारशी बदललेली दिसायची नाही, पण अशा जखमा डोळ्याला बदललेल्या दिसतच नाहीत, असं त्यांनीच मला शिकवलं होतं. मी माझ्या डोळ्यांपेक्षा दोऱ्याला मान दिला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खाजामियाँच्या मुलीकडून निरोप आला, तिचं बाळंतपण अडलं होतं. तो तीन दिवसांसाठी बीदरला गेला. जाताना बेगमच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा होता. पट्टीचा दिवस मधेच आला. वसमतकर बादलीवर बसले, मी पट्टी सोडली. पट्टी सुटताच कुजका वास आला, आधीच्या खेपांना तो कधीच आला नव्हता. जखमेच्या मधोमध एक बारीक छिद्र होतं आणि त्यातून पू येत होता. वसमतकरांचं नाक तर माझ्यापेक्षा तिखट. ते एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "दोरा लावा."

मी दोरा लावला. ताणला नाही, सैल सोडला नाही. कापला, आणि वहीतल्या शेवटच्या दोऱ्याशेजारी धरला. तो त्याच्यापेक्षा दोन बोटं लांब होता. मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा लावला. पुन्हा तेवढाच. मग मी वहीत वर वर जात गेले आणि तो दोरा ज्याच्याशी जुळला तो ऑक्टोबरमधला होता. म्हणजे ऑक्टोबरपासून जखम तसूभरही भरलेली नव्हती. मी वहीतला शेवटचा दोरा हलकेच सोडवला. तो आणि नवा, दोन्ही दोरे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते दोन्ही टोकांना चिमटीत धरून बोटांवरून ओढले, एकदा, दोनदा. समजायला त्यांना वेळ लागला नाही.

त्यांनी चाचपत बेगमच्या पायावर हात ठेवला. मी म्हटलं, खाजामियाँ आला की त्याला विचारू. ते म्हणाले, "काय विचारणार? मला दिसत नाही हे मी लपवलं. भरत नाही हे त्याने लपवलं. आधी कोणी लपवलं, सांगा बरं?" आणि मग, "त्याला वाटलं असणार, दोरा मालकाला दाखवायला असतो. तो कशाला असतो हे मी त्याला कधी सांगितलंच नाही."

खरंच सांगितलं नव्हतं. दोरा दोनदा तेवढाच आला की एक्स-रे काढायचा, हा नियम मला माहीत होता, खाजामियाँला नव्हता. तो समजत होता की दोरा आखूड झाला की बेगमचं आयुष्य लांबतं.

एक्स-रे त्याच दिवशी काढला. उघड्या पडलेल्या हाडाचा एक पापुद्रा मेला होता आणि काच रुतावी तसा आत बसून होता. तो काढल्याशिवाय जखम भरणं शक्यच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये काढला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. आता पू वर ढोपराच्या सांध्यात गेला होता. सांधा गरम होता आणि बेगम त्या पायावर भार देत नव्हती. आम्ही तुकडा काढला, सांधा धुतला, होती नव्हती ती सगळी औषधं दिली, नवी परदेशीसुद्धा. वरातीमागून घोडं म्हणतात तसं सगळं झालं.

प्रसादगारू आले तेव्हा वसमतकर दारातच उभे राहिले. सगळी चूक माझी आहे, मला दिसत नाही आणि ते मी कोणालाच सांगितलं नाही, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. खाजामियाँचं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. आम्ही सगळ्यांनीच त्या माणसाला उतावळा ठरवून टाकलं होतं. तो खालच्या आवाजात एवढंच म्हणाला, "डॉक्टरगारू, टाइम तो मैंने दिया था ना." वसमतकर म्हणाले, दिला होता.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, सकाळी, बेगमला इंजेक्शन दिलं. ते मी दिलं. खाजामियाँ बीदरहून परत आला होता, मुलगी आणि नात सुखरूप होती. त्यानेच बेगमचं डोकं धरलं. वसमतकर तिच्या मागच्या पायाशी, नेहमीच्या जागी, उकिडवे बसले आणि ती खाली बसेपर्यंत त्या पट्टीवर हात ठेवून होते. त्या वर्षी संक्रांतीला बरकतपुऱ्यातून तीन धोतरं आली. ती घ्यायला ते दवाखान्यात आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला, आणि आठवड्याभरात खाजामियाँही रेसकोर्स सोडून गेला.

मार्चमध्ये मी बरकतपुऱ्याला गेले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन गेली होती आणि त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला होता. मी दारात उभी राहताच ते म्हणाले, "तुम्ही इतक्या बारीक झालात हे मला माहीतच नव्हतं." चहा त्यांनीच केला आणि कपात नीट ओतला. टेबलावर वही उघडी होती, बेगमचं पान. त्यांनी एका दोऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाले, इथपर्यंत माझे, इथून पुढचे खाजामियाँचे. माझ्या कात्रीने टोकं सरळ आली आहेत, त्याची तिरपी. मग ते पुढच्या दोऱ्यांवरून बोट खाली नेत गेले.

"बघा," ते म्हणाले, "प्रत्येक वेळी गव्हाएवढाच कमी. एकदासुद्धा हाव केली नाही. किती जपून कापलेत."

त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. आता ती आपल्याजवळ नको, म्हणाले. मी ती घेतली आणि घरी, विद्यानगरला, कपाटात वरच्या फळीवर ठेवली. तिथे ती अजून आहे. तिच्यात भरलेल्या जखमांची पानं पन्नासच्या वर आहेत. माझ्या हाताला मात्र दर वेळी तेच एक पान लागतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मेच्या सुरुवातीला खाजामियाँचा मला निरोप आला. तो आता याकुतपुऱ्यात एका लग्नाच्या घोडीवाल्याकडे होता. घोडीच्या पुढच्या पायाला, खुराच्या वर, दोरखंडाने कापलं होतं आणि जखम महिनाभर भरत नव्हती. निरोप मला होता, डॉक्टरसाहेबांना सांगू नका असंही त्यात होतं. मी सरळ बरकतपुऱ्याला गेले आणि त्यांना रिक्षात घातलं. ते का कू न करता बसले. वाटेत फक्त विचारलं, मोरचूद तर नाही ना लावला.

गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या आडोशाला घोडी बांधली होती. तिचे सोनेरी कपडे दोरीवर वाळत होते. वसमतकरांना रिक्षातून उतरताना पाहून खाजामियाँ जागच्या जागी उभा राहिला. त्याने सलाम केला, पण हात कपाळापर्यंत पोचला नाही. त्यांनी त्याला मुलीचं विचारलं, नातीचं विचारलं, नाव काय ठेवलं ते विचारलं. मग एक बादली पालथी घालून तिच्यावर बसले. पट्टी मी सोडली. जखम मीच धुतली. मला वाटलं होतं, आता दिसतंय तर दोरा ते स्वतः लावतील. त्यांनी खिशातून रीळ काढलं, हातभर दोरा मोकळा केला आणि तो खाजामियाँपुढे धरला.

खाजामियाँने तो लगेच घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसला. जखमेच्या कडेपासून बोटभर लांब, धडधाकट कातडीवरून, केसांवरून त्याने तो फिरवत आणला. जखम होती त्याच्या दीडपट झाली. त्याला ती लहान दाखवायची भीती बसली होती.

वसमतकर पुढे वाकले. जाड चष्म्यातून त्यांनी तो दोरा पाहिला आणि त्याच्या मनगटाला हलकेच हात लावला.

"इत्ता ढीला नक्को, खाजामियाँ," ते म्हणाले. "जित्ती है, उत्तीच."

खाजामियाँचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही. त्याने बाहीने डोळे पुसले, दोरा उचलला, आणि जिथे कातडी संपत होती तिथून पुन्हा लावायला घेतला.